वही कोणाच्या हाती?

मराठीत 'खाते' हा शब्द बँकेहून पुष्कळ जुना आहे. वाण्याकडे खाते असते, सावकाराकडे खाते असते, दूधवाल्याकडेही असते. म्हणून 'अमक्याचे खाते नाही' असे जेव्हा आपण म्हणतो, तेव्हा एक गोष्ट आपल्या ध्यानातून निसटते. बँकेत ज्याचे खाते नाही त्याचेही खाते कोठे ना कोठे असतेच. ते किराणा दुकानाच्या वहीत असते, मुकादमाच्या डायरीत असते, भंगारवाल्याच्या चिठोऱ्यावर असते, नाहीतर भिशी चालवणाऱ्या बाईच्या नुसत्या स्मरणात असते. उणीव एवढीच, की ती वही त्याच्या हाती नसते. तीत काय लिहिले आहे ते त्याला वाचता येत नाही, आणि लिहिलेले चुकले तर दाद मागावयास जागा नसते.

पुणे शहर आणि पुणे जिल्हा यांचा गेल्या दीडशे-दोनशे वर्षांचा इतिहास या एकाच प्रश्नाचे सूत धरून पाहावा, असा या लेखाचा हेतू आहे. प्रश्न साधा आहे: हिशेबाची वही कोणाच्या हाती? विषय अर्थशास्त्राचा वाटेल, पण तो शुभवर्तमानालाही परका नाही. संत लूकच्या सोळाव्या अध्यायातील अन्यायी कारभाऱ्याचा दाखला आपण अनेकदा ऐकतो. कारभाऱ्याच्या चातुर्याविषयी प्रवचनात बोलले जाते. परंतु त्या दाखल्यात कारभारी ऋणकोच्या हाती त्याचे स्वतःचे खत देतो आणि बसून नवा आकडा लिही म्हणून सांगतो, याकडे आपले लक्ष क्वचितच जाते. घटकाभर का होईना, कागद कर्जदाराच्या हाती आला. मोशेच्या नियमशास्त्रानेही गरिबाचे पांघरूण गहाण घेतले तर ते सूर्यास्तापूर्वी परत करावे, असे बजावले आहे. देवाला गरिबाच्या हिशेबाची काळजी आहे, हे यावरून दिसते.

पेशव्यांचे दोन हिशेब

पुणे राजधानीचे शहर झाले ते जितके तलवारीच्या बळावर, तितकेच सावकारांच्या पैशावर. मोहिमांसाठी पेशव्यांनी मोठमोठी कर्जे काढली. हुंड्यांच्या आधाराने पैसा एका प्रांतातून दुसऱ्या प्रांतात गेला. पहिल्या बाजीरावासारखा पराक्रमी पुरुषही कर्जाच्या ओझ्याने गांजलेला असे, हे त्याच्या पत्रांतून दिसते. परंतु पेशव्याचे कर्ज दोन ठिकाणी लिहिले जाई. एक नोंद सावकाराच्या वहीत, दुसरी पेशव्याच्या फडावर. त्या फडाची दप्तरे पुण्यात आजही जतन केलेली आहेत. ऋणकोच्या हातीही स्वतःची वही असली की सावकाराला जपून वागावे लागते.

त्याच पेशवाईत, १७९२ मध्ये, सवाई माधवरावांनी पुण्यातील कॅथलिकांना मंदिरासाठी जागा दिली. पेशव्यांच्या सैन्यात असलेले पोर्तुगीज अधिकारी दों मिगेल द नोरोन्य यांच्या विनंतीवरून ही देणगी मिळाली, आणि आजचे नाना पेठेतील अमलोद्भव मातेचे मंदिर, म्हणजे आपले 'सिटी चर्च', त्यातूनच उभे राहिले. त्या मंदिरात येणारे पहिले भाविक बहुतांशी फौजेतले लोक होते. मराठी फौजेत पगार थकणे ही नित्याची गोष्ट होती, आणि थकलेला पगार हाती येईपर्यंत शिपाई बाजारच्या उधारीवर जगे. पेशव्याला दोन वह्या होत्या. शिपायाला एकच, आणि तीही दुकानदाराची.

सुप्याच्या बाजारातील होळी

१८१८ नंतर इंग्रजी अंमल आला. शेतसारा रोख भरावा लागे आणि ठरल्या तारखेस भरावा लागे. पाऊस चुकला तरी तारीख चुकत नसे. रोकड सावकाराकडे होती, म्हणून रयत सावकाराकडे गेली. त्यापूर्वीही ती जात होतीच. पण आता दिवाणी न्यायालये आली होती, आणि न्यायालयासमोर कागद बोले, माणूस बोलत नसे. निरक्षर कुणबी खतावर सहीऐवजी नांगराची निशाणी करी. नांगराच्या त्या चार रेघांखाली वर काय लिहिले आहे हे त्याला सावकार सांगेल तेवढेच कळे.

१८५९ च्या मुदतीच्या कायद्याने खत तीन वर्षांपुरतेच वसूल होण्याजोगे ठरवले. हेतू रयतेच्या भल्याचा होता. फळ उलटे निघाले. तीन वर्षे भरत आली की सावकार जुन्या रकमेत व्याज मिसळून नवे खत लिहून घेऊ लागला. मुद्दल फुगत गेले. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात कापसाला भाव आला, तेव्हा सढळ हाताने उधार मिळाले. १८६५ मध्ये ते युद्ध संपले, भाव कोसळले, उधार आखडले, आणि नेमक्या त्याच सुमारास फेरपाहणी होऊन सारा वाढला.

१८७४ च्या अखेरीस शिरूर तालुक्यातील करडे गावी लोकांनी सावकारांवर बहिष्कार घातला. पुढे १२ मे १८७५ रोजी सुपे या बाजाराच्या गावी भडका उडाला. आसपासच्या खेड्यांतून जमलेल्या लोकांनी सावकारांच्या दुकानांकडे मोर्चा वळवला. त्यांना मुख्यतः हवे होते ते सोने किंवा रोकड नव्हे. हवी होती खते आणि वह्या. मिळालेले कागद त्यांनी रस्त्यात जाळले. धान्य लुटले गेले, काही घरांना आगी लागल्या. पण जेथे सावकाराने मुकाट्याने कागद दिले तेथे त्याच्या अंगाला सहसा हात लागला नाही. हे लोण पुणे आणि नगर जिल्ह्यांतील तीसहून अधिक गावांत पोहोचले, आणि नऊशेहून अधिक लोकांना अटक झाली.

या दंग्यांकडे कोणी एका जमातीविरुद्धचा राग म्हणून पाहील, तर ते अपुरे होईल. सावकारी अनेक जातींचे लोक करीत होते. राग त्या कागदावर होता, जो एकाच बाजूने लिहिला जाई आणि एकाच बाजूला वाचता येई. ज्याच्या हाती वही नाही त्याला हिशेब तपासता येत नाही. तो फार तर वही जाळू शकतो. सुप्याच्या लोकांनी तेच केले, आणि त्यापायी ते तुरुंगात गेले.

सरकारने चौकशी आयोग नेमला, आणि १८७९ मध्ये पुणे, सातारा, सोलापूर व अहमदनगर या चार जिल्ह्यांसाठी दख्खनच्या शेतकऱ्यांच्या साहाय्याचा कायदा आला. त्यातील जमिनी वाचवण्याची कलमे इतिहासाच्या पुस्तकांत येतात. आमच्या विषयाला जवळची कलमे मात्र दुसरीच आहेत. शेतकऱ्याचे खत गावच्या नोंदणी कामगारासमोर लिहिले जावे. पैसे फेडल्याची पावती त्याला मागता यावी. वर्षाचा हिशेब मागता यावा. आणि त्याने मागणी केल्यास सावकाराने त्याला पासबुक द्यावे व त्यात वेळोवेळी जमाखर्च मांडून द्यावा! ज्या पासबुकाला आपण आज बँकेची वस्तू समजतो, त्याचा हक्क आपल्या जिल्ह्यातील गरीब शेतकऱ्याला असा एका दंग्यानंतर मिळाला. वही जाळणाऱ्या हातात कायद्याने वही ठेवली. पण ती वाचण्याची विद्या मात्र कायद्याला देता आली नाही, आणि म्हणून बहुतेकांना तिचा उपयोग झाला नाही. त्याच सुमारास, १८८३ मध्ये, महात्मा फुले यांनी 'शेतकऱ्याचा असूड' लिहून विद्येचा अभाव हेच दैन्याचे मूळ आहे असे मांडले. ते याच भूमीत उभे राहून.

न निघालेली बँक

सावकाराला लगाम घालणे वेगळे आणि सावकाराला पर्याय उभा करणे वेगळे. हे ज्यांना उमगले त्यांत पुण्यातील दोन न्यायाधीश होते: सर विल्यम वेडरबर्न आणि न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे. वेडरबर्न हे पुढे राष्ट्रसभेचे दोनदा अध्यक्ष झाले. १८८२ च्या सुमारास या दोघांच्या पुढाकाराने शेतकऱ्यांच्या बँकेची योजना पुण्यात तयार झाली. प्रयोगासाठी पुरंदर तालुका निवडला. रयतेची जुनी देणी आधी तडजोडीने मिटवावीत आणि मग बँकेने माफक व्याजाने कर्ज द्यावे, असा तिचा आराखडा होता. पुण्यातील धनिक भांडवल घालण्यास तयार होते. हिंदुस्थान सरकारने १८८४ मध्ये लंडनला शिफारस केली. लंडनच्या भारतमंत्र्यांनी ती नाकारली.

पुरंदरची बँक निघाली असती तर काय झाले असते, हे सांगणे इतिहासकाराचे काम नव्हे. पण एवढे खरे, की बँक म्हणजे शहरातील व्यापाऱ्याची सोय असे मानण्याच्या काळात पुण्यातील काही माणसांनी ती नांगराची निशाणी करणाऱ्या कुणब्याला हवी असे म्हटले. सरकारने १८८२ मध्ये पोस्टाची बचत बँक सुरू केली, आणि १८८३-८४ च्या कायद्यांनी तगाई देण्याची सोय केली. पोस्टाने पैसे ठेवण्याची जागा दिली, तगाईने सरकारी मर्जीचे कर्ज दिले. पण गरजेच्या वेळी शेजाऱ्यासारखी धावून येणारी पेढी अजून यावयाची होती.

ती आली परस्परसाहाय्यातून. १८८९ मध्ये बडोद्यात विठ्ठल लक्ष्मण कवठेकर यांच्या पुढाकाराने काही महाराष्ट्रीय कुटुंबांनी 'अन्योन्य सहकारी मंडळी' स्थापली. १९०४ मध्ये सहकारी पतसंस्थांचा कायदा झाला, आणि १९०६ मध्ये पुण्यात आजची कॉसमॉस बँक एक छोटी नागरी पतसंस्था म्हणून जन्मली. १९३५ मध्ये नोंदणी झालेली बँक ऑफ महाराष्ट्र ही पुढच्या पिढीची. पुण्याच्या मध्यमवर्गाच्या हाती अशा रीतीने वही आली.

ख्रिस्तसभेची जुनी वाट

१९०४ च्या कायद्यामागे जर्मनीतील फ्रीड्रिख विल्हेल्म रायफायझन यांचा विचार होता. ते ऱ्हाइन प्रांतातील खेड्यांचे नगराध्यक्ष आणि धर्मनिष्ठ प्रॉटेस्टंट. एकमेकांना ओळखणाऱ्या एका गावच्या लोकांनी परस्परांना जामीन राहून पैसा उभा करावा, ही त्यांची रीत. गरिबाकडे तारण ठेवावयास काही नसते. पण त्याचे चारित्र्य शेजाऱ्याला ठाऊक असते. तेच तारण.

हा विचार कॅथलिकांनाही नवा नव्हता. सावकारीच्या पाशातून गरिबांना सोडवण्यासाठी इटलीत फ्रान्सिस्कन धर्मबंधूंनी पंधराव्या शतकात 'मोन्ते दि पिएता', म्हणजे 'दयेची रास', या नावाच्या पेढ्या काढल्या. १४६२ मध्ये पेरुजा येथे निघालेली पेढी ही त्यांतील अगदी पहिल्या काहींपैकी. वस्तू गहाण ठेवून अल्प शुल्कात पैसे मिळत. हे शुल्क म्हणजे व्याज नव्हे काय, असा वाद माजला, आणि १५१५ मध्ये दहावे लिओ यांच्या काळात पाचव्या लॅटरन विश्वसभेने खर्चापुरते शुल्क घेण्यास संमती दिली. तेरावे लिओ यांनी १८९१ च्या आपल्या 'रेरुम नोव्हारुम' या परिपत्रकात अधाशी व्याजखोरीचा निषेध केला. १९०० मध्ये कॅनडातील क्वेबेक प्रांतात आल्फोन्स देजार्दें या कॅथलिक गृहस्थांनी आपल्या गावी, लेवी येथे, लोकांची पेढी उघडली, आणि पुढे ती चळवळ धर्मग्रामाधर्मग्रामांतून पसरली. भारतात छोटानागपूरच्या मुंडा आदिवासींमध्ये कार्य करणारे येशूसंघीय फादर हॉफमन यांनी १९०९ मध्ये कॅथलिक सहकारी पतसंस्था उभारली.

मराठी मुलखात ही ज्योत पेटली वसईत. ६ फेब्रुवारी १९१८ रोजी पापडी येथे मोन्सिनियर पी. जे. मोनीस यांनी 'बसीन कॅथलिक' पतसंस्था स्थापन केली. आज ती अनुसूचित बँक आहे. पण जन्मली ती एका धर्मगुरूच्या पुढाकाराने, गरजू शेतकरी-कष्टकरी कुटुंबांना सावकाराचे दार टाळता यावे म्हणून. मिस्साबलीला शेजारी बसणारी माणसे एकमेकांना जामीन राहू शकतात, हा विश्वास तिच्या पायाशी होता.

जेथे पेढी नव्हती तेथे आपल्या लोकांनी दुसरे उपाय शोधले. मुंबईत धोबीतलाव-माझगाव भागांत गोव्यातील गावागावांचे 'कूड' होते. बोटीवर जाणारा खलाशी आपली पेटी कुडात ठेवून जाई. भिंतीशी पेट्यांची रांग, आणि समोर गावच्या आश्रयदात्या संताची वेदी. रोज संध्याकाळी जपमाळ होई. त्या पेटीच्या कुलपाइतकाच वेदीचाही तिला आधार होता. पण पेटीतला पैसा वाढत नसे, आणि खलाशी परतला नाही तर त्याच्या विधवेला तो मिळेल की नाही हे माणसांच्या सचोटीवर अवलंबून राही. सचोटी मोठी गोष्ट आहे. तरी तिला लेखी नोंदीची जोड असावी.

शहरातील नवे सावकार

स्वातंत्र्यानंतर प्रथमच देशाने आपल्या कर्जाचे मोजमाप केले. रिझर्व्ह बँकेने १९५१-५२ मध्ये ग्रामीण पतपुरवठ्याची पाहणी केली आणि १९५४ मध्ये तिचा अहवाल आला. त्या समितीत पुण्याच्या गोखले संस्थेचे धनंजयराव गाडगीळ होते. शेतकऱ्याच्या शंभर रुपये कर्जातील सुमारे ७० रुपये सावकारांकडून येत होते, सहकारी संस्थांकडून सुमारे ३, आणि व्यापारी बँकांकडून एक रुपयादेखील नाही! सहकार फसला आहे, तरी तो यशस्वी झालाच पाहिजे, असा त्या अहवालाचा निष्कर्ष होता. १९ जुलै १९६९ रोजी १४ बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले. त्याच वर्षी गाडगीळांच्याच अभ्यासगटाने जिल्हावार बँकसेवेची कल्पना मांडली आणि त्यातून अग्रणी बँक योजना आली. पुणे जिल्ह्याचे अग्रणीपण बँक ऑफ महाराष्ट्रकडे गेले.

शाखा निघाल्या. तरीही शहरातील असंख्य माणसांना बँकेची पायरी चढता आली नाही. राहत्या जागेचा पुरावा नाही, ओळख करून देणारा खातेदार नाही, सही येत नाही, दिवसाचा खाडा परवडत नाही, आणि काउंटरपलीकडील नजरेची भीती वाटते. अशी माणसे कोणाच्या वहीत होती ते पाहा. मंडईच्या कडेला बसणारी भाजीवाली सकाळी नव्वद रुपये घेई आणि संध्याकाळी शंभर परत करी. दहा रुपये फार वाटत नाहीत. पण महिनाभर हे चालले, तर नव्वद रुपयांच्या भांडवलावर तीनशे रुपये व्याज होते, आणि महिनाअखेरीस ते नव्वद रुपये अजूनही तिचे नसतात. कचरा वेचणारी बाई भंगारवाल्याकडून उचल घेई. मग माल त्यालाच घालावा लागे, त्याच्याच काट्यावर, त्याच्याच भावाने. सुप्याच्या सावकाराने गाव सोडले नव्हते; तो आपल्या पेठांत राहावयास आला होता.

याला उत्तरही पुण्यातूनच निघाले. डॉ. बाबा आढाव यांनी पन्नाशीच्या दशकात हमाल पंचायत उभारली होती, आणि त्यांच्याच मार्गदर्शनाखाली १९९३ मध्ये कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत स्थापन झाली. संघटनेने कचरावेचक बायांना ओळखपत्रे दिली, महापालिकेने त्यांना मान्यता दिली, आणि पुढे बायांची स्वतःची पतसंस्था निघाली. आधी ओळखपत्र आणि मग पतसंस्था, हा क्रम लक्षात घेण्याजोगा आहे. ज्याला कोणी ओळखत नाही त्याचे खाते कोण उघडणार? त्याच वर्षी डॉ. मेधा पुरव-सामंत यांनी बँकेतील नोकरीचा अनुभव गाठीशी घेऊन पुण्यातील भाजीवाल्यांना छोटी कर्जे देण्याचे काम सुरू केले. 'अन्नपूर्णा परिवार' त्यातून वाढला.

अंगठ्यापासून सहीपर्यंत

या सर्व इतिहासात आम्हांला सर्वांत बोलका वाटतो तो साताऱ्याच्या माण तालुक्यातील म्हसवडचा प्रसंग. तेथे रस्त्याच्या कडेला लोहारकाम करणारी एक बाई पावसाळ्यापूर्वी झोपडीवर ताडपत्री घालता यावी म्हणून रोज थोडे पैसे बाजूला टाकू पाहत होती. रक्कम इतकी लहान की बँकेने तिचे खाते उघडले नाही. तेव्हा श्रीमती चेतना गाला सिन्हा यांनी बायांचीच बँक काढावयाचे ठरवले. रिझर्व्ह बँकेकडे अर्ज गेला. प्रवर्तक बायांपैकी कित्येकींनी सहीच्या जागी अंगठे उठवले होते. परवाना नाकारला गेला. बाया निराश झाल्या नाहीत. काही महिने त्या लिहावाचावयास शिकल्या आणि पुन्हा मुंबईस गेल्या. आम्ही लहान होतो तेव्हा गावात शाळा नव्हती, हा आमचा दोष नव्हे. पण हिशेब आम्हांला येतो, कोणत्याही रकमेचे व्याज विचारा, यंत्राविना सांगतो, असे त्यांनी साहेबांना सुनावले. १९९७ मध्ये माणदेशी महिला सहकारी बँक सुरू झाली.

१८७५ मधील नांगराची निशाणी आणि १९९७ मधील बायांची सही यांच्यामध्ये सव्वाशे वर्षांचे अंतर आहे. सुप्याच्या लोकांनी वही जाळली. म्हसवडच्या बायांनी ती लिहावयास घेतली. पासबुकाचा हक्क कायदा देऊ शकतो, पण तो हक्क जिवंत होतो तो अक्षरांनी आणि संघटनेने.

खाते आले, वही आली काय?

त्यानंतरच्या घडामोडी वाचकांच्या समोरच्या आहेत. २००५ मध्ये रिझर्व्ह बँकेने किमान शिलकीची अट नसलेली साधी खाती उघडण्यास बँकांना सांगितले. २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली या आदिवासी गावातून 'आधार'ची सुरुवात झाली. २८ ऑगस्ट २०१४ रोजी जनधन योजना आली, आणि २०२३ पर्यंत तिच्यातील खाती ५० कोटींच्या पुढे गेली. जागतिक बँकेच्या पाहणीनुसार २०११ मध्ये भारतातील शंभर प्रौढांपैकी ३५ जणांचे खाते होते. २०२१ मध्ये ७८ जणांचे. एवढ्या थोड्या काळात एवढा बदल जगात क्वचितच झाला असेल. त्याचे श्रेय द्यावयास हवे.

पण त्याच पाहणीने सांगितले, की खाते असलेल्यांपैकी सुमारे एक-तृतीयांश लोकांनी वर्षभरात त्यात ना काही घातले, ना काढले. खाते नसण्याची किंमत किती असते हे ८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्री कळले. ५०० आणि १,००० च्या नोटा रद्द झाल्या. डाळीच्या डब्यात, देवघराच्या चौरंगाखाली, साडीच्या घडीत बायांनी नवऱ्याच्या व्यसनापासून लपवून ठेवलेला पैसा एका रात्रीत उजेडात आणावा लागला. ज्यांचे खाते नव्हते त्यांना तो दुसऱ्याच्या खात्यात भरावा लागला; आणि दुसऱ्याच्या खात्यात गेलेला पैसा कोणाचा, हा प्रश्न पुन्हा सुप्यासारखाच उभा राहिला. २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने बहिणींना दरमहा १,५०० रुपये देण्याची योजना आणली, तेव्हा बँकांसमोर बायांच्या रांगा लागल्या. काही ठिकाणी ती रक्कम जुन्या थकबाकीत वळती झाल्याच्या तक्रारीही आल्या.

शिवाय बँक झाली म्हणजे ती बुडत नाही असे नाही. १९६० मध्ये अकोल्याची लक्ष्मी बँक आणि केरळातील पलई सेंट्रल बँक बंद पडल्या, आणि त्यातून १९६२ मध्ये ठेवींच्या विम्याची सोय झाली. आपल्या पुण्यातील रुपी सहकारी बँकेवर २०१३ मध्ये निर्बंध आले आणि २०२२ मध्ये तिचा परवाना रद्द झाला. पाच लाखांपर्यंतच्या ठेवी विम्याने वाचल्या. पण मधली नऊ वर्षे आजारपणाला आणि मुलीच्या लग्नाला थांबता येत नाही. वही आपल्या हाती असून भागत नाही. ज्याने ती राखावयाची त्याच्यावर नजरही हवी. सहकारी संस्थेच्या वार्षिक सभेला न जाणाऱ्या सभासदाने हे मनावर घ्यावे.

आपल्या घरची वही

येथवर आपण सावकार, सरकार आणि बँका यांच्याकडे पाहिले. आता थोडे आपल्याकडे पाहू. आपल्या धर्मग्रामातील पुष्कळ कुटुंबांत धुणीभांडी करणारी बाई येते. अडचणीत ती उचल मागते. आपण देतो, आणि दरमहा पगारातून कापतो. हे चांगलेच आहे. परंतु किती दिले, किती फिटले, किती राहिले, हे कोठे लिहिलेले असते? बहुधा आपल्या कॅलेंडरच्या मागच्या बाजूस, आपल्याच अक्षरात. म्हणजे वही आपल्या हाती आहे. १८७९ च्या कायद्याने सावकारावर जे बंधन घातले, तेवढे तरी ख्रिस्ती घराने स्वखुशीने पाळावयास हवे: एक छोटी वही तिची म्हणून तिच्या हाती द्यावी, दर महिन्यास दोघांसमोर नोंद करावी, आणि तिला वाचता येत नसेल तर तिच्या शाळेत जाणाऱ्या मुलीने ती वाचून दाखवावी.

तीच गोष्ट पासबुकाची. एखाद्या विधवेचे पासबुक दिराकडे, वृद्ध पित्याचे एटीएम कार्ड सुनेकडे, स्थलांतरित मजुराचे कार्ड ठेकेदाराकडे असेल, तर कागदोपत्री खाते आहे, पण वही पुन्हा दुसऱ्याच्याच हाती आहे. फ्रेडरिक ओझानाम यांनी १८३३ मध्ये आरंभलेल्या संत व्हिन्सेंट डी पॉल सोसायटीचे सभासद गरिबांच्या घरी भेटी देतात. त्या भेटीत धान्यासोबत एक प्रश्नही न्यावा: तुमचे पासबुक कोणाजवळ आहे, आणि त्यात वारस म्हणून कोणाचे नाव आहे? महिन्यातून एका रविवारी मिस्साबलीनंतर बँकेचे अर्ज भरून देणारी, पासबुक वाचून दाखवणारी दोन शिकलेली मुले मंदिराच्या आवारात बसली, तर तीही सुवार्तेचीच सेवा होईल.

लेखी नोंद दुबळ्याचे रक्षण करते, हे ख्रिस्तसभेने फार पूर्वी ओळखले. ट्रेंटच्या विश्वसभेने १५६३ मध्ये प्रत्येक धर्मग्रामात विवाहाची नोंदवही ठेवण्याची सक्ती केली. गुपचूप लग्न करून स्त्रीला वाऱ्यावर सोडणाऱ्यांना आळा बसावा हा तिचा हेतू. आपल्या मंदिरांतील स्नानसंस्काराच्या वह्यांत कारखानदाराचे बाळ आणि झाडूवालीचे बाळ एकाखाली एक, सारख्याच रकान्यांत लिहिले जाते. ज्यांच्याजवळ दुसरा कोणताही कागद नव्हता अशा कित्येकांनी त्या वहीतील उताऱ्याच्या आधारावर शाळेत आणि नोकरीत आपले वय सिद्ध केले आहे. त्या वहीत नाव घालताना आपण तारण विचारत नाही आणि किमान शिलकीची अट घालत नाही.

संत मत्तय जकातनाक्यावर वही घेऊन बसला होता तेव्हा प्रभूने त्याला हाक मारली. तो उठला आणि मागे गेला. पुढे ख्रिस्तसभेने त्यालाच बँकवाल्यांचा आणि हिशेबनीसांचा आश्रयदाता संत मानले. वही हाती असणे हे पाप नाही. ती कोणासाठी उघडली जाते, यावरच सारे अवलंबून आहे.